एमआरआयने ऊतींचे तापमान कसे मोजावे

इसेन्शियल ट्रेमर या आजारात हात सतत थरथरतो. पाण्याचा पेला ओठांपर्यंत नेणे किंवा सही करणेही अवघड होऊन बसते. औषधांनी न आवरणाऱ्या अशा कंपावर केंद्रित अल्ट्रासाउंडने उपचार करण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१६ मध्ये मान्यता दिली. या उपचारात रुग्ण एमआरआयच्या गँट्रीत, म्हणजे यंत्राच्या बोगद्यात, जागा असतो, त्याचे डोके चौकटीत पक्के बसवलेले असते आणि डोक्याभोवतीच्या अर्धगोलातल्या सुमारे हजार स्रोतांतून निघालेल्या ध्वनिलहरी कवटीतून आत शिरून थॅलॅमस या मेंदूच्या खोल भागातल्या काही मिलिमीटरच्या ठिकाणी एकवटतात. ते ठिकाण काही सेकंदांतच तापते. कवटी न उघडता करायचा हा उपचार असल्यामुळे तिथे थर्मामीटर पोहोचवण्याचा प्रश्नच येत नाही. नेमके कुठे आणि किती तापले हे डॉक्टरांना कळते ते पडद्यावर दर तीन-चार सेकंदांनी नव्याने उमटणाऱ्या तापमानाच्या नकाशावरून.

हा नकाशा कसा काढायचा, त्यावर किती विश्वास ठेवायचा आणि तो कुठे फसवतो, हे या लेखात क्रमाने मांडले आहे. एमआरआय विभागात काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ, तंत्रज्ञ आणि जैववैद्यकीय अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांना समोर ठेवून तो लिहिला आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट मनावर ठसवून घ्यावी, कारण पुढची बहुतेक काळजी तिच्यातूनच निघते : या पद्धतीने मिळतो तो दोन प्रतिमांमधल्या तापमानाचा फरक. आपण ज्याला ‘तापमान’ म्हणून पडद्यावर दाखवतो, त्यात आरंभीचे तापमान आपण स्वतः हाताने जोडलेले असते.

पाण्याची वारंवारता का उतरते

पाण्याच्या रेणूतला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनशी हायड्रोजन बंधाने जोडलेला असतो. पाणी तापले की हे बंध ताणले जातात, वाकतात, काही तुटतात. बंध सैल झाला की हायड्रोजनच्या केंद्रकाभोवतीचे इलेक्ट्रॉन त्याला बाहेरच्या चुंबकीय क्षेत्रापासून थोडे अधिक झाकतात, केंद्रकाला जाणवणारे क्षेत्र किंचित घटते आणि त्याची संस्पंदन वारंवारता (ज्या वारंवारतेवर ते रेडिओ लहरींना प्रतिसाद देते ती) त्याच प्रमाणात खाली येते. हिंडमन यांनी १९६६ मध्ये द्रव पाण्यात हा बदल मोजून दाखवला होता. त्यावरून तापमानाचे नकाशे काढण्याची पद्धत इशिहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडली. आज उपचारांच्या वेळी वापरली जाते ती मुख्यतः हीच.

हा बदल फार लहान आहे. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की वारंवारता दशलक्षात सुमारे ०.०१ भागाने उतरते. १.५ टेस्लाच्या यंत्रावर प्रोटॉनची वारंवारता जवळजवळ ६४ मेगाहर्ट्झ असते, म्हणून दर अंशाला होणारा फरक ०.६४ हर्ट्झ, ३ टेस्लावर तो १.२८ हर्ट्झ. इतका सूक्ष्म फरक थेट वर्णपटात शोधण्याऐवजी तो वेळेबरोबर साचू द्यायचा आणि संकेताच्या कलेत, म्हणजे फेजमध्ये, वाचायचा, ही या पद्धतीतली युक्ती आहे. ३ टेस्लावर १० मिलिसेकंदांचा इको टाइम (पल्स दिल्यापासून संकेत वाचेपर्यंतचा वेळ) ठेवला तर १ अंश सेल्सिअसला सुमारे ४.६ अंशांचे कलांतर मिळते. १.५ टेस्लावर तेवढेच कलांतर हवे असेल तर इको टाइम दुप्पट, म्हणजे २० मिलिसेकंद, ठेवावा लागतो.

तापमानाशी बदलणाऱ्या आणखीही गोष्टी एमआरआयमध्ये आहेत. टी-१ हा शिथिलीकरणाचा, म्हणजे उत्तेजित केंद्रके मूळ स्थितीत परतण्याचा, काळ दर अंशाला ढोबळमानाने १ टक्क्याने वाढतो, तर पाण्याच्या विसरणाचा वेग सुमारे २ टक्क्यांनी. परंतु टी-१ किती बदलेल हे ऊतीगणिक वेगळे असते, आणि विसरणाची प्रतिमा जराशा हालचालीनेही बिघडते. कलांतराच्या पद्धतीत मात्र स्नायू असो, यकृत असो वा मेंदू, पाणीदार ऊतींसाठी गुणांक जवळजवळ एकच धरता येतो. आणि ऊती शिजून गोठली तरी तो फारसा ढळत नाही. उपचार चालू असताना ऊतीचे स्वरूपच बदलत असते, त्यामुळे माझ्या मते हा शेवटचा गुण सर्वांत मोलाचा आहे.

आधी जेलवर हात बसवावा

रुग्णाच्या जवळ जाण्याआधी जेलचा फँटम, म्हणजे शरीराऐवजी वापरायचा नमुना, तयार करून त्यावर संपूर्ण पद्धत तपासून घ्यावी. साहित्य साधे आहे. १ लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात २० ग्रॅम अगर पूड थंड असतानाच मिसळावी आणि मग सतत ढवळत उकळी आणावी. किराणा दुकानात चायना ग्रास म्हणून मिळते तेही मुळात अगरच असते, पण त्याच्या शुद्धतेची खात्री नसते. मोजमापासाठी प्रयोगशाळेतली पूड घ्यावी. मिश्रण पारदर्शक झाले की त्यात सुमारे ३ ग्रॅम मीठ आणि अर्धा ग्रॅम मोरचूद विरघळवावे. मिठामुळे संकेत टिपणाऱ्या कॉइलला शरीरासारखा विद्युत भार मिळतो आणि मोरचुदाने टी-१ कमी होऊन प्रतिमा झटपट घेता येते. मोरचूद विषारी आहे, म्हणून हे भांडे पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये आणि बाटलीवर ठळक चिठ्ठी असावी.

ओतण्याची घाई करू नये. मिश्रण साधारण ६० अंशांपर्यंत निवू द्यावे आणि मग बाटली तिरकी धरून काचेच्या आतल्या बाजूने सावकाश धार सोडावी. उंचावरून ओतले की हवेचे बुडबुडे अडकतात. हवा आणि पाणी यांची चुंबकीय ग्रहणशीलता (क्षेत्रात ठेवल्यावर चुंबकित होण्याचे प्रमाण) वेगळी असल्यामुळे मोहरीएवढा बुडबुडाही आपल्याभोवतीचे क्षेत्र विस्कटतो, आणि कलेच्या प्रतिमेत त्याच्या भोवती पाकळ्यांसारखे गडद-फिकट पट्टे उमटतात. अशा दोन बाटल्या भराव्यात. एक तापवण्यासाठी, दुसरी तशीच शेजारी ठेवण्यासाठी. दुसऱ्या बाटलीचे महत्त्व पुढे कळेल.

जेलला बुरशी येऊ नये म्हणून बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्या जातात. चाचणीच्या आदल्या संध्याकाळीच त्या बाहेर काढून मॅग्नेट रूममध्ये ठेवाव्यात. सुरुवातीच्या दिवसांत मी एकदा सकाळी थेट फ्रिजमधून काढलेली बाटली गँट्रीत ठेवली होती. काहीही तापवत नसताना नकाशात बाटलीच्या कडेने एक उबदार कडे दिसू लागले आणि दर प्रतिमेगणिक ते आत सरकत गेले. अर्धा तास मी दोष गणनेत शोधत होतो. प्रत्यक्षात नकाशा अगदी बरोबर होता, खोलीची ऊब बाटलीत शिरत होती. आधारप्रतिमा, म्हणजे तुलनेसाठीची तापवण्यापूर्वीची प्रतिमा, घेण्यापूर्वी वस्तूचे तापमान स्थिर असलेच पाहिजे, हे मी त्या दिवशी शिकलो.

तापमान पडताळण्यासाठी ऑप्टिकल फायबरचा थर्मामीटर वापरावा. त्यात धातू नसतो, त्यामुळे तो चुंबकाकडे ओढला जात नाही आणि रेडिओ लहरींनी तापतही नाही. धातूच्या तारा असलेला साधा थर्मोकपल गँट्रीत नेणे धोक्याचे आहे. फायबरचे टोक झाकणाच्या भोकातून जेलच्या मध्यापर्यंत घालून चिकटपट्टीने पक्के करावे.

मग पहिली बाटली गरम पाण्यात ठेवून ५० अंशांपर्यंत तापवावी. अगरचे जेल ४० अंशांच्या खाली गोठते, पण पुन्हा वितळायला त्याला ८० अंशांच्या वर जावे लागते, म्हणून ५० अंशांवर त्याचा आकार टिकून राहतो. बाटली पुसून, थर्मोकोलमध्ये गुंडाळून, थंड बाटलीशेजारी गँट्रीत ठेवावी आणि ती निवत असताना तासभर दर मिनिटाला एक प्रतिमा घ्यावी. प्रत्येक वेळी थर्मामीटरचे वाचन घड्याळासह लिहून ठेवावे. शेवटी आडव्या अक्षावर थर्मामीटरचे तापमान आणि उभ्या अक्षावर टोकाशेजारच्या तीन गुणिले तीन पिक्सेलची सरासरी कला मांडली की सरळ रेषा मिळायला हवी. फायबरचे टोक प्रतिमेत काळा ठिपका म्हणून दिसते. नेमका तो ठिपका न घेता त्याला लागून असलेले पिक्सेल घ्यावेत. ३ टेस्ला आणि १० मिलिसेकंद असताना रेषेचा उतार दर अंशाला ४.६ अंश कलेच्या आसपास आला, तर मांडणी बरोबर आहे. उतार कित्येक पटींनी वेगळा आला तर गणनेत चूक आहे असे समजावे. सर्वाधिक वेळा ती चूक इको टाइम सेकंदांऐवजी मिलिसेकंदांत, किंवा कला रेडियनऐवजी अंशांत धरल्यामुळे झालेली असते.

बाटली चुंबकीय क्षेत्राशी समांतर ठेवली की आडवी, यावरही उतारात थोडा फरक पडतो, कारण तापल्यावर पाण्याची ग्रहणशीलताही किंचित बदलते आणि तिचा परिणाम वस्तूच्या आकारावर व दिशेवर ठरतो. म्हणून दोन चाचण्यांची तुलना करायची असेल तर बाटली दोन्ही वेळा एकाच दिशेला ठेवावी.

सिक्वेन्सची मांडणी

स्पॉइल्ड ग्रेडियंट इको हा सिक्वेन्स, म्हणजे पल्स आणि वाचन यांचा क्रम, घ्यावा. स्पिन इको येथे उपयोगाचा नाही, कारण त्यातली १८० अंशांची पल्स आपल्याला हवे असलेले कलांतरच पुसून टाकते.

इको टाइम ठरवताना दोन ओढी सांभाळाव्या लागतात. तो वाढवला की कलांतर वाढते, पण संकेत विझत जातो. गणित केले तर इको टाइम त्या ऊतीच्या टी-२ स्टारइतका, म्हणजे संकेत विझण्याच्या काळाइतका, असताना अचूकता सर्वांत जास्त मिळते. व्यवहारात मात्र तितके लांब जाणे क्वचितच परवडते. एक तर वेळ जातो, आणि दुसरे म्हणजे कला ही गोल फिरणारी राशी आहे. १८० अंशांच्या पुढे गेली की ती उणे १८० वरून पुन्हा मोजली जाते. ३ टेस्लावर १० मिलिसेकंद ठेवल्यास ही उडी ३९ अंश तापल्यावर येते, म्हणजे ३७ अंशांच्या शरीरात ७६ अंशांवर, जिथवर सहसा जावे लागत नाही. तोच इको टाइम २० मिलिसेकंद ठेवला तर उडी साडेएकोणीस अंशांच्या वाढीवर, म्हणजे साधारण ५६ ते ५७ अंशांवर येते. उपचाराचे लक्ष्य नेमके याच पट्ट्यात असते. मग सर्वांत तापलेल्या मध्याचा पिक्सेल एकाएकी थंडगार दिसू लागतो, भोवती लाल कडे आणि मध्ये निळा ठिपका. असा नकाशा पाहून ऊर्जा वाढवणे ही गंभीर चूक ठरेल. यावर उपाय असा की प्रत्येक प्रतिमेची तुलना थेट आधारप्रतिमेशी न करता तिच्या आधीच्या प्रतिमेशी करावी आणि ते लहान फरक बेरजेत मांडत जावेत. तीन-चार सेकंदांत तापमान १९ अंशांनी वाढत नाही, म्हणून उडी चुकत नाही.

रिसीव्हर बँडविड्थही, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला दिलेला वारंवारतेचा पट्टाही, जपून ठरवावी. ती कमी ठेवली की गोंगाट कमी होतो, पण तापलेल्या जागेची वारंवारता बदललेली असल्यामुळे ती जागा प्रतिमेत वारंवारतेच्या दिशेने सरकून दिसते. ३७ वरून ६० अंशांपर्यंत गेलेल्या ऊतीची वारंवारता ३ टेस्लावर सुमारे २९ हर्ट्झने उतरते. बँडविड्थ पिक्सेलमागे ५० हर्ट्झ असेल तर तापलेला ठिपका अर्ध्या पिक्सेलपेक्षा जास्त सरकतो. पिक्सेल २ मिलिमीटरचा असेल तर हे अंतर १ मिलिमीटरच्या वर जाते. थॅलॅमसमध्ये एवढ्या अंतरावर संवेदना वाहून नेणारा वेगळा भाग लागतो. म्हणून वारंवारतेची दिशा आलटून पालटून प्रतिमा घ्याव्यात आणि ठिपका दोन्हींत एकाच ठिकाणी येतो का ते पाहावे.

बाकीची मांडणी फार अवघड नाही. १२८ गुणिले १२८ ची जाळी, २५६ मिलिमीटरचे क्षेत्र, ३ मिलिमीटर जाडीचा एक छेद आणि २८ मिलिसेकंदांचा रिपिटिशन टाइम (दोन पल्समधला वेळ) घेतला तर एका प्रतिमेला साधारण ३.६ सेकंद लागतात. छेद जितका जाड तितका संकेत जास्त, पण तापलेला भाग तांदळाच्या दाण्याएवढा असेल तर त्याच्या शेजारची गार ऊतीही त्याच पिक्सेलमध्ये मिसळते आणि खरे सर्वोच्च तापमान नकाशातल्या आकड्यापेक्षा वर असते. स्वयंचलित शिमिंग (क्षेत्र एकसारखे करणे) आणि मध्यवर्ती वारंवारता पुन्हा जुळवण्याची सोय पहिल्या प्रतिमेनंतर बंद करावी. मालिकेच्या मध्येच यंत्राने वारंवारता जुळवून घेतली तर सगळा नकाशा एका झटक्यात काही अंशांनी उडी मारतो.

कलेपासून अंशांपर्यंत

यंत्राकडून केवळ कलेची प्रतिमा न मागता वास्तव आणि काल्पनिक असे दोन्ही भाग साठवून घ्यावेत. कलेच्या प्रतिमाच उपलब्ध असतील तर त्या कोणत्या मापात आहेत ते आधी पाहावे. काही यंत्रांवर उणे १८० ते १८० अंशांचा पट्टा ० ते ४०९५ अशा पूर्णांकांत बदलून साठवला जातो.

दोन कलांची थेट वजाबाकी करू नये, कारण गोल फिरण्याच्या सीमेवर ती चुकते. तापलेल्या प्रतिमेच्या संमिश्र संख्येला आधारप्रतिमेच्या संयुग्मी संख्येने गुणावे आणि त्या गुणाकाराची कला काढावी. अनेक चॅनेलची कॉइल असेल तर हा गुणाकार प्रत्येक चॅनेलसाठी वेगळा करून मग बेरीज करावी आणि कला सर्वांत शेवटी काढावी. असे केल्याने प्रत्येक चॅनेलची स्वतःची मूळ कला आपोआप रद्द होते. आलेल्या कलांतराला, रेडियनमध्ये, चार गोष्टींच्या गुणाकाराने भागायचे : दोन पाय, हर्ट्झमधली वारंवारता, उणे दशलक्षात ०.०१ हा गुणांक आणि सेकंदांमधला इको टाइम. भागाकार म्हणजे तापमानातला फरक. कलेचे चिन्ह कोणते धरायचे याची रूढी यंत्रागणिक वेगळी असते, म्हणून नव्या यंत्रावर किंवा सॉफ्टवेअर बदलल्यावर गरम बाटली ठेवून ‘तापले’ आणि ‘निवले’ यांची अदलाबदल तर झाली नाही ना, याची खात्री करून घ्यावी.

अचूकतेचा अंदाज आधीच करता येतो. संकेत गोंगाटाच्या २५ पट असेल तर एका प्रतिमेतल्या कलेत साधारण २.३ अंशांची अनिश्चितता असते. दोन प्रतिमांच्या फरकात ती सुमारे ३.२ अंश होते, आणि दर अंशाला ४.६ या हिशेबाने तापमानातली अनिश्चितता ०.७ अंश सेल्सिअस येते. एका आधारप्रतिमेऐवजी पाच घेऊन त्यांची सरासरी वापरली तर ती ०.५५ पर्यंत खाली येते. तापवण्यापूर्वीचे हे पंधरा-वीस सेकंद जरूर खर्च करावेत.

क्षेत्राची सरक

गोंगाट नकाशात डोळ्यांना दिसतो, सरक दिसत नाही. त्यामुळे मला ती अधिक घातक वाटते. प्रतिमेतली जागा ठरवण्यासाठी क्षेत्र बदलणाऱ्या ग्रेडियंट कॉइल्स चालून चालून तापतात, त्यांच्या उष्णतेने चुंबकाच्या आतल्या शिमिंगसाठी बसवलेल्या लोखंडाच्या पट्ट्या तापतात आणि मुख्य क्षेत्र हळूहळू बदलत राहते. दशलक्षात ०.०१ भागाचा बदल म्हणजे १ अंश, हे प्रमाण येथे उलटे लागू पडते : क्षेत्र तेवढ्याने घटले की नकाशा १ अंशाची खोटी वाढ दाखवतो आणि क्षेत्र वाढले की खोटा गारवा.

म्हणून कोणतीही उष्णता न देता, जेवढा वेळ उपचार चालणार आहे तेवढा वेळ मालिका घेऊन पाहावी. शक्य असल्यास ही चाचणी ग्रेडियंटवर ताण टाकणाऱ्या एखाद्या लांब सिक्वेन्सनंतर लगेच करावी, कारण प्रत्यक्ष कामाच्या दिवशी यंत्र कधीच थंड नसते. येथे दुसरी, न तापवलेली बाटली उपयोगी पडते. तिच्यात दिसणारा बदल हा निव्वळ सरकेचा असतो आणि तो पहिल्या बाटलीतून वजा करता येतो. पण सगळीकडून एकच आकडा वजा करणे पुष्कळदा पुरत नाही, कारण सरक जागेनुसारही बदलते. चौफेर चार ठिकाणी न तापलेले भाग निवडून त्यांच्या कलेतून एक कललेले सपाट प्रतल बसवावे आणि ते वजा करावे. रुग्णाच्या बाबतीत ही भूमिका लक्ष्यापासून दूरची ऊती बजावते. निवडलेला भाग खरोखरच न तापलेला असला पाहिजे. ध्वनीच्या वाटेतली ऊती संदर्भ म्हणून घेतली तर आपण खरी उष्णताच पुसून टाकतो.

चरबी, हाड आणि हालचाल

चरबीच्या रेणूंत हायड्रोजन बंध नसल्यामुळे तापमानाबरोबर तिची वारंवारता जवळजवळ बदलत नाही. पाणी आणि चरबी एकाच पिक्सेलमध्ये असतील तर दोघांचे संकेत मिसळून आकडा चुकतो. चरबीचा संकेत दाबणारे फॅट सॅचुरेशन वापरावे किंवा फक्त पाण्याला उत्तेजित करणारी पल्स घ्यावी. स्तनासारख्या अवयवात एवढ्याने भागत नाही, कारण चरबी तापली की तिची ग्रहणशीलता बदलते आणि शेजारच्या ग्रंथींच्या ऊतीतले क्षेत्रही ढळते. घट्ट हाडातून तर नेहमीच्या सिक्वेन्सला संकेतच मिळत नाही. कवटी ध्वनी भरपूर शोषते आणि तापते, तरी नकाशात ती काळीच दिसते. म्हणूनच उपचाराच्या वेळी टाळूभोवती थंड पाणी फिरवत ठेवतात आणि ध्वनीच्या दोन माऱ्यांमध्ये कवटी निवायला वेळ देतात.

हालचालीचा प्रश्न डोक्यात चौकटीमुळे बराचसा सुटतो. यकृतात तो सुटत नाही. श्वासाबरोबर यकृत सरकते, त्यामुळे आधारप्रतिमेतला पिक्सेल आणि आताचा पिक्सेल यांत वेगळीच ऊती असते, शिवाय छातीतली हवा आतबाहेर झाल्याने क्षेत्रही बदलते. एक मार्ग असा की तापवण्यापूर्वी श्वासाच्या सर्व टप्प्यांतल्या आधारप्रतिमांचा संच गोळा करावा आणि प्रत्येक नव्या प्रतिमेसाठी तिच्याशी सर्वाधिक जुळणारी निवडावी. दुसरा मार्ग आधारप्रतिमेशिवायचा आहे, तो रीके आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडला : तापणाऱ्या भागाभोवतीच्या कड्यातल्या कलेवर बहुपदी बसवायची आणि ती आत वाढवून ‘न तापता कला किती असती’ याचा अंदाज करायचा. हालचाल पुष्कळ असेल तर हा मार्ग उत्तम, परंतु लक्ष्य अवयवाच्या कडेला किंवा हवेजवळ असेल तर कडे पूर्ण मिळत नाही आणि अंदाज भरकटतो.

नकाशावरून निर्णय घेताना

पुन्हा थॅलॅमसकडे येऊ. उपचार टप्प्याटप्प्याने होतो. पहिल्या माऱ्यांत तापमान ४० ते ४५ अंशांपर्यंतच नेले जाते. ऊतीला इजा होत नाही, पण ठिपका ठरलेल्या जागी पडतो का हे तिन्ही दिशांच्या छेदांत पाहता येते. जागा जुळली की ५० अंशांच्या आसपास जाऊन परिणाम पाहतात. रुग्णाला पाटीवर लावलेल्या कागदावर गोल गोल वाढत जाणारी वेटोळी रेषा काढायला सांगतात. कंप असताना ही रेषा करवतीच्या दातांसारखी येते. लक्ष्य योग्य असेल तर त्याच हाताने काढलेली पुढची रेषा काही मिनिटांत बरीच गुळगुळीत होते. ओठांना किंवा बोटांना मुंग्या आल्या तर ठिपका शेजारच्या संवेदनेच्या भागाकडे झुकला आहे असे समजून तो हलवतात. हे सगळे समाधानकारक असेल तरच ५५ ते ६० अंशांपर्यंत नेऊन कायमची जखम केली जाते.

किती तापमान किती वेळ पुरते, याचा हिशेब सापारेटो आणि ड्यूई यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या पद्धतीने करतात. कोणतेही तापमान आणि वेळ यांचे रूपांतर ४३ अंशांवरच्या तितक्याच परिणामकारक मिनिटांत करायचे. ४३ च्या वर प्रत्येक अंशाला वेळ निम्मा पुरतो. ऊती निश्चित मरण्यासाठी ४३ अंशांवर २४० मिनिटे ही मर्यादा पुष्कळ ठिकाणी धरली जाते. तीच मात्रा ५० अंशांवर दोन मिनिटांपेक्षा थोड्या कमी वेळात आणि ५५ अंशांवर साडेतीन सेकंदांत पूर्ण होते. याच कारणाने एका अंशाची चूक किरकोळ नसते : ती मात्रेत थेट दुपटीची किंवा निमपटीची चूक होते.

आरंभीच्या तापमानाचा प्रश्न येथे पुन्हा समोर येतो. शरीर ३७ अंशांचे धरून चालणे जाग्या, निरोगी तापमानाच्या रुग्णात ठीक असते. भूल दिलेला रुग्ण मात्र थंड खोलीत तासभर पडून राहिला की एखाद-दोन अंशांनी सहज उतरतो. अशा वेळी एमआरआयमध्ये चालणाऱ्या थर्मामीटरने शरीराच्या आतले तापमान मोजून तेच आरंभ म्हणून घालावे. दोन माऱ्यांमध्ये ऊती पूर्ण निवली नसेल तर नव्या आधारप्रतिमेत उरलेली ऊब लपून जाते आणि पुढचे सर्व आकडे तेवढ्याने कमी येतात. म्हणून मागच्या मालिकेच्या शेवटच्या प्रतिमेत लक्ष्याचे तापमान मूळ पातळीवर आल्याचे पाहूनच पुढची मालिका सुरू करावी.

मेंदूचे प्रत्यक्ष तापमानच हवे असेल तर स्पेक्ट्रोस्कोपीचा, म्हणजे वर्णपट मोजण्याचा, आधार घेता येतो. एन-असिटाइल अस्पार्टेट या द्रव्याचा शिखरबिंदू तापमानाबरोबर हलत नाही, पाण्याचा हलतो. दोघांमधल्या अंतरावरून खरे तापमान काढता येते. यासाठी घन सेंटिमीटरांच्या मापाचा भाग आणि काही मिनिटे लागतात, त्यामुळे काही सेकंदांच्या माऱ्यासाठी ही पद्धत चालत नाही, पण मारा सुरू करण्यापूर्वीचा आरंभबिंदू तपासायला ती उपयोगी आहे.

प्रत्येक मालिकेबरोबर नोंदवहीत काही गोष्टी हाताने लिहून ठेवाव्यात : यंत्राची त्या दिवशीची मध्यवर्ती वारंवारता, इको टाइम, वापरलेला गुणांक, कलेच्या चिन्हाची रूढी, आरंभीचे तापमान व ते कसे मिळाले, आणि सरक वजा करण्यासाठी निवडलेल्या भागांच्या जागा. मूळ संमिश्र प्रतिमा पुसू नयेत. तयार रंगीत नकाशावरून पुढे काहीही पुन्हा मोजता येत नाही. या नोंदी आणि मूळ प्रतिमा असतील तर सहा महिन्यांनी एखाद्या आकड्याविषयी शंका आली तरी गणना पहिल्यापासून करून पाहता येते.